नस काढलेला दात

२ फेब्रुवारी

आलो एकदाचा कोल्हापुरात. ही वही पिशवीत कोंबताना प्रीती म्हणाली, फोनवर तुम्ही नुसतं हूं हूं करता, निदान हिच्यात तरी लिहा. बायकोचं अधूनमधून ऐकावं.

जोतीरामदादांच्या बँडचं गोदाम मंगळवार पेठेत आहे. खाली ढोल, ताशे, लाल कोट, जरीच्या टोप्या. लाकडी जिना चढून गेलं की वर एक खोली, ती माझी. खिडकीतून तालमीचं छप्पर दिसतं आणि सकाळी पैलवानांचे शड्डू ऐकू येतात. गडहिंग्लजच्या बँडात मी दोन नंबरचा क्लॅरिनेटवाला होतो. मराठीत एम.ए. होऊन दोन नंबर. इथं पहिला, म्हणजे मास्तर. सगळे मला मास्तर म्हणतात आणि मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.

खोली आधीच्या मास्तरांची होती. आकाराम मास्तर पावसाळ्यात वारले, तेव्हापासून कुलूप, आणि आत कबुतरांनी संसार मांडलेला. दादांनी माझ्यासमोर ती हाकलली आणि म्हणाले, "रिकामी खोली ठेवू न्हाय बघा पावणं. कोन ना कोन येऊन ऱ्हातंयच." भिंतीवर मास्तरांचा फोटो आहे. तोंडभर हसू, आणि वरचा पुढचा एक दात आडवा, अर्धवट लोटलेल्या दारासारखा. फोटो राहू दे म्हटलं. माझं काय खातोय तो.

दादांकडून एक गोष्ट मी आधीच कबूल करून घेतली आहे. चौदा एप्रिलला आमचा बँड माझ्या गावी, नेसरीच्या जयंतीला येणार आणि मिरवणूक माझ्या धुनीनं सुरू होणार. मी स्वतः बांधलेली धून. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा गावकीची हलगी खाली ठेवली. बोलवायला आलेल्या माणसाला म्हणाले, हुकमानं वाजवणं आजपासून बंद, आता मनाला येईल तेव्हा वाजवीन. ती हलगी आमच्या घरात अजून भिंतीवर आहे आणि फक्त जयंतीला खाली उतरते. बाबांनी, म्हणजे आमच्या अण्णासोंनी, मला क्लॅरिनेट शिकू दिलं ते याच अटीवर. लग्नात पोटासाठी काय वाजवायचं ते वाजव, पण जयंतीला तुझं स्वतःचं वाजव. यंदा ते ऐकायला पहिल्या रांगेत असतील.

४ फेब्रुवारी

दादांबरोबर कोडोलीला जाऊन आलो, आकाराम मास्तरांच्या घरी. या बँडात एक रीत आहे. नव्या मास्तरनं पहिलं लग्न जुन्या मास्तरच्या माउथपीसवर वाजवायचं. माउथपीस म्हणजे क्लॅरिनेटचं टोक, जे तोंडात धरतात. मास्तरांच्या मंडळी चिमणाबाई यांनी ते धुवून, फडक्यात गुंडाळून, खोबऱ्याच्या वाटीसकट माझ्या हातात दिलं. बाई करारी आहेत. चहा पाजला, नेसरीतल्या सगळ्यांची चौकशी केली, आणि निघताना म्हणाल्या, "पयलं लगीन झालं की परत आणून द्यायचं. मास्तरास्नी दुसऱ्याचं वाजवनं सोसायचं न्हाय."

मी मान डोलावली. माउथपीसला लवंगेचा वास येत होता. मास्तर म्हणे सदानकदा गालात लवंग धरायचे. वरच्या बाजूला दातांच्या खाचा पडल्यात, एक सरळ आणि एक आडवी.

८ फेब्रुवारी

पहिलं लग्न पार पडलं. काय आवाज आहे त्या माउथपीसचा! माझ्याकडचं नवं आहे, पण त्याच्यातून असा सूर आयुष्यात निघाला नव्हता. मंडपातली म्हातारी माणसं वळून बघायला लागली.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. मास्तर म्हणे प्रत्येक गाण्याच्या शेवटी सूर रडवेला करून खाली घसरवायचे आणि बायका पदर डोळ्यांना लावायच्या. लोक अजून त्या घसरणीची आठवण काढतात. मला असला रडका शेवट आवडत नाही. सूर ताठ उभा राहिला पाहिजे आणि ताठच संपला पाहिजे.

माउथपीस परत करायचं होतं, ते करणार नाही. लगीनसराई संपली की बघू. आमच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावल्यात, असल्या सोसण्या-न सोसण्याला मी भीक घालत नाही. वस्तू ती वस्तू.

१ मार्च

दात दुखतोय. वरचा पुढचा, उजवीकडचा. शाळेत असताना सायकलवरून पडलो होतो तेव्हा त्याला बारीक चीर गेली होती, पण इतकी वर्षं त्यानं तक्रार केली नव्हती. मास्तरांची ती आडवी खाच बरोबर याच दाताखाली येते. खाचेत नीट बसवायचा म्हणून मी दात दाबून धरतो, त्याचंच हे असणार. खाई त्याला खवखवे.

चावता येत नाही. संध्याकाळी गंगावेशीत जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध पितो. फेसाळ दुधाचा घोट लागला तरी कळ डोळ्यांपर्यंत जाते.

५ मार्च

राजारामपुरीत एक दातांच्या डॉक्टर आहेत, डॉ. अनुजा. कागलच्या. वयानं माझ्याएवढ्याच असतील, पण बोलणं असं रोखठोक की आपण मुकाट्यानं तोंड उघडावं. मी गेलो तो भांडायच्या तयारीनं. हा दात काढणार असाल तर आत्ताच सांगा, मी उठतो, असं म्हणालो. पुढचा दात गेला की क्लॅरिनेट टेकवायचं कशावर?

त्यांनी एक्स-रे पडद्यावर दाखवला. दात म्हणजे नुसता दगड नसतो, हे मला आज कळलं. आत मधोमध एक बारीक नळी असते, मुळाच्या टोकापर्यंत गेलेली. तिच्यात नस असते आणि रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या. माझ्या दाताची चीर आत उतरली होती आणि नस सडली होती. मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसत होती, तो पू. डॉक्टर म्हणाल्या, दात काढायची काही गरज नाही. आतलं सडलेलं काढून टाकायचं, नळी धुवून स्वच्छ करायची, भरून बंद करायची, वर टोपी बसवायची. दात तुमचा तुमच्याकडेच राहतो, फक्त त्याला काही कळत नाही.

मला हे फार आवडलं. हट्टी उपाय आहे. सोडायचं नाही आणि सहनही करायचं नाही.

हिरडीत इंजेक्शन दिल्यावर ओठ परक्यासारखा झाला. तोंडावर रबराचा पडदा ताणला, दाताच्या मागून भोक पाडलं आणि केसासारख्या सुया आत घालून नळी खरवडली. दुखलं नाही. फक्त सुईचा खरखर आवाज कवटीत ऐकू येत होता. शेवटी आत औषध ठेवून वर कच्चं सिमेंट बसवलं. पुढच्या आठवड्यात नळी कायमची भरणार. तोवर काही झालं तरी फुंकायचं नाही, हे डॉक्टरांनी दाताच्या कण्या करून सांगितलं. नळी आता रिकामी आहे, सिमेंट निघालं तर बाहेरचं आत जाईल.

९ मार्च

वाजवलं. काय करणार, कागलचं मोठं लग्न होतं, वरात हायवेच्या कडेनं जाणार होती आणि दुसरा माणूस मिळत नव्हता. दादांनी नको म्हटलं होतं, मीच म्हटलं हो. माउथपीस मास्तरांचंच घेतलं, कारण दुखऱ्या तोंडाला त्याच्यावर कमी जोर लागतो.

मध्येच सिमेंट निखळलं. जिभेवर वाळूसारखं आलं, ते थुंकलो. त्यानंतर एक गंमत झाली, ती लिहून ठेवतो. मी श्वास बाहेर फुंकत होतो आणि त्याच वेळी दातातून एक गार श्वास आत येत होता. बाहेरून आत, सावकाश, आणि मग थांबला. तोंडभर लवंगेचा वास. मागून डॉक्टरांना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, दाताच्या औषधात लवंगेचं तेल असतंच. झालं, कोडं सुटलं.

१२ मार्च

डॉक्टरांनी झापलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच, म्हणाल्या. नळी पुन्हा धुतली, रबरासारख्या पदार्थानं टोकापर्यंत गच्च भरली आणि वरून पक्कं बंद केलं. एक्स-रेमध्ये आता नळीच्या जागी पांढरी रेघ दिसते. सावलीही हळूहळू जाईल. आता मुंगीसुद्धा आत जाणार नाही, असं त्या म्हणाल्या. आतलं बाहेरही येणार नाही, असं मी थट्टेनं म्हणालो आणि त्या हसल्या.

२१ मार्च

परवा टोपी बसली. दात पुन्हा पांढराशुभ्र आणि सरळ. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर मटण खाल्लं, नळी चोखून खाल्ली. डॉक्टर मॅडमना पेढे देऊन आलो. त्या म्हणाल्या, रुग्णानं दिलेलं गोड मी खात नाही, धंद्याला बट्टा लागतो. पण दोन उचलले.

लवंगेचा वास अजून आहे. त्यांना विचारलं. आता त्या औषधाचा आत थेंबही नाही, म्हणाल्या.

२६ मार्च

आज वरातीत गाणं संपवताना सूर खाली घसरला. मी घसरवला नाही. बोटं सरळ होती, फुंक सरळ होती, तरी तो रडका शेवट आला, अगदी घोटून तयार केल्यासारखा. बायकांनी डोळे पुसले. एक म्हातारा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की आकाराम मास्तर परत आले बघ. त्याला वाटलं मी खूश होईन.

मला राग आला. मी कुणाची नक्कल करत नाही.

२९ मार्च

माउथपीस बदललं. माझं स्वतःचं लावलं. फरक नाही. जयंतीची धून वाजवून पाहिली, शेवटी तीच घसरण. माझ्या धुनीला!

शेवट जबरदस्तीनं ताठ ठेवला तेव्हा दातात कळ गेली. नस नसलेल्या दातात. घसरू दिला की कळ थांबते. पुन्हा करून पाहिलं. घसरू दिला, थांबली. ताठ ठेवला, डोळ्यांपुढे अंधारी आली.

म्हणजे हा हुकूम आहे. आमच्या घराण्यात हुकमानं वाजवत नाहीत. दुपारभर ताठ सूर धरत बसलो. दोनदा ओकलो. पण ताठ धरला.

२ एप्रिल

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दात ठोकून पाहिला, गार लावून पाहिलं, मला काहीच कळलं नाही. दाताला काही नाही, म्हणाल्या. दुखायचं तर आजूबाजूचं हाड दुखेल, तेही ठीक आहे. नवा एक्स-रे काढला आणि जुन्याशेजारी लावला.

मूळ वळलं आहे. जुन्या चित्रात सरळ होतं, आता किंचित आडवं. फोटोचा कोन चुकला असेल, म्हणाल्या. पुन्हा काढला. तसंच. मी आरशात पाहिलं. टोपीची एक कड पुढे आली आहे. त्यांनी ती सरळ बसवली होती, त्यांचीही शपथ आणि माझीही.

फोटोतल्या हसण्याकडे आता पाहवत नाही. तरी काढणार नाही. घाबरून फोटो काढला असं त्याला वाटायला नको.

५ एप्रिल

कोडोलीला गेलो, माउथपीस परत करायला. सगळं सांगितलं. उशीर केला, चुकलं, पण आता हे घ्या, म्हटलं. चिमणाबाईंनी फडकं सोडलं, माउथपीस नाकाशी नेलं, वास घेतला आणि माझ्या पुढ्यात परत ठेवलं.

"आता ह्ये घिऊन काय करू," म्हणाल्या. "ह्यात कोन न्हाय."

मग माझ्या तोंडाकडे बघून पदर नीट केला, नवऱ्यासमोर करतात तसा.

मी माउथपीस त्यांच्या उंबऱ्यावर ठेवून निघून आलो.

८ एप्रिल

काल जेवताना स्वतःशी काहीतरी गुणगुणत होतो. दादा ताटावरून उठून गेले. मास्तर पंगतीत हेच गुणगुणायचे, म्हणाले.

गालात लवंग होती. मी लवंग आणलेली नाही.

रिकामी खोली ठेवू नये. दादा बरोबर बोलले होते. मीच आतलं सगळं काढून घेतलं, धुवून पुसून जागा केली. दार उघडं टाकून वाजवत बसलो. तो आत शिरला. आणि मग वरून पक्कं बंद करून घेतलं. पेढे वाटले त्याचे.

ठीक आहे. दात जाईल. दात माझा आहे, तो ठेवायचा की फेकायचा ते मी ठरवीन.

११ एप्रिल

डॉक्टर तयार नव्हत्या. चांगला भरलेला, पू सुकत आलेला दात कोणी काढतं का, म्हणाल्या. दात नसेल तर वाजवाल कशानं, हेही विचारलं. म्हटलं, वरचा ओठ आत दुमडून दातावर घेऊन वाजवणारेही असतात. ओठ फाटेल. फाटू दे. काढा.

काढला. चिमट्यात धरल्यावर तो सरळ खाली आला नाही, गोल फिरला. हाडातून आवाज आला, तो माझा नव्हता.

ट्रेमध्ये पाहिला. मूळ पिळलेलं, पिळून धुतलेल्या फडक्यासारखं. तो मी गोदामामागच्या गटारात टाकला आणि वर थुंकलो. तोंडात कापूस, पण मोठ्यानं हसलो. कळ नाही, वास नाही. मोकळा.

डॉक्टरांची ताकीद तीच. चूळ नाही, ओढणं नाही, फुंकणं तर नाहीच. खड्डा आहे, भरून येईपर्यंत जपायचं.

१२ एप्रिल

नेसरीला आलो. प्रीतीला तोंड दाखवलं, ती हसली, म्हणाली बोळकं झालं की तुमचं. बरं वाटलं. बाबांनी हलगी खाली उतरवलीय, विस्तवावर धरून तापवतायत. मी परवा वाजवणार म्हणजे वाजवणार. ओठ दुमडून. माझी धून, ताठ.

१३ एप्रिल

सकाळपासून वास —

जीभ तिकडे नेत नाही. डॉक्टर म्हणाल्या होत्या, खड्डा. आधी केसाएवढी नळी होती. आता बोट जाईल एवढं —

मी मोठं दार केलं. काढून टाकायला गेलो आणि दार मोठं केलं.

दुपार. जीभ तिकडे गेलीच. खड्डा नाही. काहीतरी टोकाचं लागलं. गार. दात इतक्या लवकर येत नाही. दात पुन्हा येतच नाही माझ्या वयाला.

आडवा आहे.

१४ एप्रिल

सकाळपासून तोंड उघडलेलं नाही. पाणीही नाही. उघडलं तर गुणगुणणं सुरू होतं. सगळं वहीत लिहून दाखवतोय, घरच्यांना वाटतं दाढदुखी.

शाळेच्या पटांगणात बसलोय. निळे झेंडे, सगळा गाव, दादा, बँड लाल कोटात तयार. क्लॅरिनेट पेटीत आहे. पेटी उघडणार नाही. त्याला फुंक हवी आहे, माझी फुंक, माझी धून, माझ्या लोकांसमोर. देणार नाही. यंदाची मिरवणूक हलगीवर निघू दे. मी ओठ दाबून बसेन, लागलं तर शिवून घेईन. तो आत, मी बाहेर. बघू कोण थकतं.

बाबा आले. समोर उकिडवे बसलेत.

नाही बाबा, वाजवणार नाही. रागावलो नाही. घाबरलोही नाही. आजोबांनी हलगी खाली ठेवली तशी मी ठेवलीय. नंतर सांगेन.

दुखत नाही बाबा. सूज नाही. बघायची गरज नाही.

"आं कर बघू, लेकरा," म्हणतायत. लहानपणी दुधाचा दात हलायचा तेव्हा म्हणायचे तसं. डोळ्यांत पाणी आहे त्यांच्या.

बाबा, नका. हनुवटी सोडा. तुमच्या हातात जोर नाही, पण मला तुमचा हात झिडकारता येत नाही, आणि हे त्याला कळलंय. मी कुणाच्या हुकमानं वाजवणार नाही, त्याच्या नाही, तुमच्याही — बाबा, मायेनं सुद्धा नका सांगू, ओठ सुटतायत, बोट बाजूला घ्या, तो —